बाहेरच्या काचा

गणपतीला पंधरा दिवस राहिलेले असताना बोराबाजारात लेन्स घ्यायला जाऊ नये. दुकानदाराला तेव्हा वेळ नसतो आणि आपल्याला धीर नसतो. आगमनाचा रविवार तोंडावर आलेला असतो, किट लेन्सने गेल्या वर्षी रात्री काढलेले फोटो (सगळे हललेले) अजून डोक्यात असतात, आणि काउंटरवर दोन डबे शेजारी शेजारी मांडलेले असतात. एकावर कॅमेऱ्याच्याच कंपनीचं नाव, दुसऱ्यावर सिग्मा नाहीतर टॅमरॉन. दोन्हींवर २.८ हा आकडा. किमतीत मात्र दुपटीचा फरक. त्यात बाजूला उभा असलेला एखादा अनोळखी गृहस्थ न विचारता ‘कंपनीचीच घ्या हो’ असं सांगून मोकळा होतो. अशा वेळी माणूस एक तर भीतीपोटी महाग वस्तू घेतो, नाहीतर मोहापोटी स्वस्त.

फरक केवढा, ते सोनीच्या उदाहरणावरून कळेल. सोनीची २४-७० जीएमची दुसरी आवृत्ती २०२२ साली आली ती २,३०० डॉलरला. त्याच कामाची सिग्माची २४-७० आर्ट २०१९ साली १,१०० डॉलरला आली होती. टॅमरॉनची २८-७५ ‘जी टू’ २०२१ मध्ये ९०० डॉलरला. आपल्याकडे त्यावर आयातशुल्क आणि १८ टक्के जीएसटी चढतो, म्हणजे डॉलरमधला फरक रुपयांत आणखी फुगतो. परळमध्ये राहून शनिवार-रविवार लग्नं करणाऱ्या फोटोग्राफरच्या लेखी हा फरक म्हणजे दुसरी बॉडी, दोन फ्लॅश आणि वर थोडे पैसे.

काच म्हणून या तिन्हींत एवढं अंतर आहे का? तर नाही. दहा-पंधरा वर्षांपूर्वी असतं, तर वेगळं लिहिलं असतं. सिग्माने २०१२ मध्ये ३५ मिमी एफ १.४ ही आर्ट मालिकेतली पहिली लेन्स काढली आणि तेव्हापासून ‘बाहेरची म्हणजे हलकी’ हा समज काचेच्या बाबतीत टिकलेला नाही. पुढच्या वर्षी त्यांनी क्रॉप सेन्सरसाठी १८-३५ मिमी एफ १.८ काढली. डीएसएलआरसाठी एफ १.८ वर टिकून राहणारी झूम लेन्स तोवर एकाही कॅमेरा कंपनीने केली नव्हती. आज घरच्या आणि बाहेरच्या लेन्सनी काढलेला फोटो ए-थ्री आकारात छापून समोर ठेवला, तर कुठला कशाचा हे ओळखणारा माणूस मला अजून भेटायचाय. सांगणारे पुष्कळ भेटतात.

मग पैसे कशाचे? त्यासाठी थोडं मागे जावं लागतं.

*

‘कंपनीची’ आणि ‘बाहेरची’ ही वाटणी मुळात फार जुनी नाही. काचेच्या प्लेटवर फोटो निघत त्या काळात कॅमेरा म्हणजे निम्मं सुतारकाम होतं. लाकडी खोकं, चामड्याचा भाता, पुढे एक फळी. त्या फळीला भोक पाडून लेन्स बसवायची, आणि ती लेन्स यायची भलत्याच कारखान्यातून, रॉसच्या नाहीतर डॉलमायरच्या. खोकं कुणाचं आणि काच कुणाची, याचा एकमेकांशी संबंध असावा असं कुणाच्या मनातही येत नव्हतं. झाइसने १९०२ मध्ये टेसार लेन्स काढली तेव्हा तिचे परवाने लंडनच्या रॉसला, अमेरिकेतल्या बॉश अँड लाँबला आणि पॅरिसच्या क्राउसला देऊन टाकले. नाव टेसार, घडवणारे चार. त्याहून गमतीची गोष्ट कूकची. १८९३ साली यॉर्कच्या टी. कूक अँड सन्स या कंपनीत डेनिस टेलर यांनी तीन भिंगांची एक नामी रचना केली. पण कंपनी दुर्बिणी करणारी, तिला कॅमेऱ्याच्या भानगडीत पडायचं नव्हतं. तेव्हा लेस्टरच्या टेलर, टेलर अँड हॉब्सन यांनी ती लेन्स बनवायला घेतली, आणि नाव दिलं कूकचं. म्हणजे ज्या कूक लेन्ससाठी आज सिनेमावाले जीव टाकतात, ती कूकने कधी बनवलीच नाही.

सिनेमावाल्यांचा विषय निघालाच आहे तर एक सांगतो. सावे दादा, म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, यांनी ब्रॅडफर्डच्या रायली ब्रदर्सकडून २१ गिनींना कॅमेरा मागवला आणि १८९९ साली हँगिंग गार्डनमध्ये कुस्ती चित्रित केली. फाळक्यांनी १९१२ मध्ये लंडनहून विल्यमसनचा कॅमेरा आणला, दादरला ‘राजा हरिश्चंद्र’ केला आणि ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये लावला. शांतारामबापूंनी १९४२ मध्ये परळला राजकमल उभारलं. इथला सिनेमा या तीन-चार मैलांत वाढला. पण आजही सिनेमाच्या युनिटमध्ये ‘थर्ड पार्टी’, म्हणजे बाहेरची, हा शब्द ऐकू येत नाही. कॅमेरा अ‍ॅरीचा, लेन्स कूकची नाहीतर झाइसची नाहीतर अँजिन्यूची, आणि मध्ये पीएल माउंट. सगळेच बाहेरचे, म्हणून कुणीच बाहेरचं नाही. भाड्याने सामान देणारा फक्त विचारतो की कुठला सेट हवा.

स्टिल फोटोग्राफीत मात्र लेन्स आणि बॉडी एका घरात आल्या आणि दार लागलं. दार लावणाऱ्यांचा पूर्वेतिहासही मजेशीर आहे. कॅननचा पहिला विक्रीयोग्य कॅमेरा, हन्सा कॅनन, १९३६ च्या सुमारास आला, तेव्हा त्या कंपनीकडे स्वतःची लेन्सच नव्हती. त्यावर ५० मिमी एफ ३.५ निक्कोर बसवलेली होती. निप्पॉन कोगाकूची. म्हणजे निकॉनची! आज ज्या दोन कंपन्यांच्या भक्तांमध्ये लालबागच्या पुलाखाली उभ्या उभ्या वाद होतात, त्यातल्या एकीचं पहिलं अपत्य दुसरीच्या डोळ्यांनी बघत होतं.

फिल्मच्या जमान्यात तर आडनावावर अजिबात जाऊ नये अशी परिस्थिती होती. व्हिव्हिटार हे नाव जुन्या मंडळींना आठवत असेल. कॅलिफोर्नियाची ही कंपनी स्वतः एकही लेन्स बनवत नसे, जपानी कारखान्यांकडून करवून घेई. कुणाकडून, ते सिरियल नंबरच्या पहिल्या दोन आकड्यांवरून कळायचं. २२ म्हणजे किनो, २८ म्हणजे कोमिने, ३७ म्हणजे टोकिना. जाणकार लोक लेन्स हातात घेतली की आधी हे दोन आकडे बघत. रशियन झेनिटवर येणारी हेलिओस ५८ मिमी एफ २ ही तर सरळसरळ झाइसच्या बायोटारवर बेतलेली. आणि बहुतेक मध्यमवर्गीय घरांत जो कॅमेरा होता, बडोद्याला बनणारा अ‍ॅग्फा क्लिक थ्री, त्याची लेन्स बदलताच येत नसे. एका अर्थी फार सुखाचे दिवस.

*

आता लेन्स उलटी करून बघू. मागचं झाकण काढलं की धातूचं कडं दिसतं, त्याला तीन किंवा चार नख्या. कड्याच्या आतल्या अंगाला सोनेरी ठिपक्यांची छोटीशी कमान. कॅननच्या आरएफ माउंटला असे १२ ठिपके, निकॉन झेडला ११, सोनी ई माउंटला १०. स्वच्छ कापडाने पुसताना सुद्धा हात सांभाळावा लागतो इतकी ती नाजूक जागा. या लेखाचा सगळा विषय या ठिपक्यांत आहे.

पूर्वी इथे तरफा आणि दांडे होते. कॅननने १९८७ मध्ये ईओएस काढताना जुना माउंट मोडीत काढला आणि बॉडी व लेन्समधला सगळा व्यवहार विजेवर नेला. तेव्हापासून बॉडी लेन्सला सतत विचारत असते: तू कितीवर आहेस, फोकस कुठे आहे, मोटर इतकी पुढे घे, थांब, थोडी मागे. सेकंदाला कितीतरी वेळा. त्याशिवाय कडेचा अंधार किती, रेषा कुठे वाकतात, हात हलला तर कुणी किती सावरायचं, हेही याच ठिपक्यांतून ठरतं. ही बोली कंपनी छापून देत नाही. चाळीत भिंतीपलीकडचं बोलणं ऐकून शेजारच्या घरची भाषा शिकावी, तसं सिग्मा-टॅमरॉनचं कित्येक वर्षं चाललं होतं. रोजचं बोलणं समजायचं. शेजाऱ्याने एखादा नवा शब्द काढला की पंचाईत.

ती पंचाईत कित्येकांनी अनुभवली. फिल्म ईओएसवर सुरळीत चालणाऱ्या सिग्माच्या जुन्या लेन्स पुढच्या डिजिटल बॉडीवर लावल्या की ‘एरर ९९’ दाखवून कॅमेरा थिजायचा. काच तीच, मोटर तीच, फक्त बॉडीने विचारलेला नवा प्रश्न तिला कळत नसे. काही लेन्समध्ये सिग्मा चिप बदलून देत असे, काहींसाठी तेही नव्हतं. ‘थर्ड पार्टी घेऊ नका’ या सल्ल्याचा उगम इथे आहे. दुसरा उगम डीएसएलआरच्या फोकसमध्ये. त्या कॅमेऱ्यांत फोकस मोजणारा भाग वेगळा आणि फोटो घेणारा सेन्सर वेगळा. दोघांत केसभर फरक पडला की नवरीच्या डोळ्यांऐवजी मागच्या मुंडावळ्या धारदार यायच्या. कंपनीच्या लेन्सलाही हे व्हायचं, बाहेरच्यांना जरा जास्त. म्हणून सिग्माने यूएसबी डॉक काढला, टॅमरॉनने टॅप-इन कन्सोल. घरी बसून लेन्सला संगणकाशी जोडायचं आणि चूक सुधारायची.

मिररलेस आल्यावर हा दुसरा आजार जवळजवळ संपला, कारण आता फोकस सेन्सरवरच मोजला जातो. जुना सल्ला मात्र तसाच चालू आहे. औषध बदललं तरी पथ्य तेच.

पहिला आजार संपला की नाही, हे कंपनीगणिक वेगळं आहे, आणि माझ्या मते निर्णयाचा खरा मुद्दा हाच. सोनीने १ एप्रिल २०११ पासून ई माउंटची मूलभूत माहिती लेन्स बनवणाऱ्यांना विनामूल्य खुली केली. तेव्हा सोनीकडे स्वतःच्या लेन्स थोड्या होत्या, दार उघडण्यात तिचाच फायदा होता. परिणाम असा की आज ई माउंटसाठी सिग्मा, टॅमरॉन, सॅमयांग, व्हिल्ट्रॉक्स यांच्या इतक्या लेन्स आहेत की निवडताना दमछाक होते. टॅमरॉनमध्ये सोनीचा हिस्साही आहे. तरी घरच्यांसाठी काही गोष्टी राखून ठेवल्यात. ए-नाइन सेकंदाला २० आणि ए-वन ३० फोटो काढतो तो सोनीच्या लेन्सवर, बाहेरची लावली की १५. टेलिकन्व्हर्टरही बाहेरच्यांना नाही. १५ फोटोंत ज्याचं भागत नाही, त्याने हा लेख वाचू नये.

निकॉनने मधला मार्ग काढला. २०२२ पासून टॅमरॉन आणि पुढच्या वर्षीपासून सिग्मा झेड माउंटसाठी परवाना घेऊन लेन्स काढू लागल्या. पण त्याआधी निकॉनने स्वतःच्या नावाने जी २८-७५ एफ २.८ बाजारात आणली ती बघण्यासारखी आहे. बारा गटांत पंधरा भिंगं, पुढे ६७ मिमीचा फिल्टर, वजन ५६५ ग्रॅम. टॅमरॉनची पहिली २८-७५ घ्या: बारा गटांत पंधरा भिंगं, ६७ मिमीचा फिल्टर, वजन ५५० ग्रॅम. निकॉनने यावर काही जाहीर केलं नाही, आणि करायची गरजही नाही. ज्यांना ‘कंपनीचीच’ हवी असते त्यांना ती निकॉनच्या डब्यातून मिळते. एवढंच सांगतो की निकॉनवाल्यांनी बाहेरच्या काचांना नाकं मुरडताना जरा जपून मुरडावीत.

कॅननने दार लावून घेतलं. २०१८ मध्ये आरएफ माउंट आला आणि व्हिल्ट्रॉक्ससारख्या चिनी कंपन्यांनी त्यासाठी ऑटोफोकस लेन्स काढायला सुरुवात केली, तेव्हा २०२२ मध्ये कॅननने पेटंट आणि डिझाइनचा हक्क दाखवून त्या थांबवायला लावल्या. मग एप्रिल २०२४ मध्ये सिग्मा आणि टॅमरॉनला परवाना मिळाल्याची घोषणा झाली, पण फक्त एपीएस-सी म्हणजे क्रॉप बॉडीच्या लेन्ससाठी. फुल फ्रेम त्यात नव्हतंच. क्रॉप बॉडी घेणारा गिऱ्हाईक महाग लेन्स घेत नाही, फुल फ्रेमवाला घेतो. परवाना कुठे द्यायचा आणि कुठे राखायचा, हा हिशेब कुणालाही समजेल.

म्हणून म्हणतो, बोराबाजारात काउंटरवर दोन डबे समोर आले तेव्हा निर्णयाची वेळ बरीचशी उलटून गेलेली असते. निर्णय बॉडी घेतली त्या दिवशीच झाला. आपण बॉडी निवडताना मेगापिक्सेल बघतो, व्हिडिओ बघतो, मित्राकडे कुठली आहे ते बघतो. माउंटवर बाहेरून कोण कोण येऊ शकतं, हे विचारत नाही.

*

आता मैदानात जाऊ. चिंचपोकळीच्या चिंतामणीचं आगमन. मंडळ १९२० सालचं, पण आगमनाला फोटोग्राफरांची ही जत्रा अलीकडची. कॅमेरा गळ्यात असलेली हजारो पोरं परळ-लालबागच्या रस्त्यावर उभी असतात. कुणी दुभाजकावर, कुणी शिडीवर, कुणी दुसऱ्याच्या खांद्यावर. दुपारचं लख्ख ऊन, मध्येच एक सर, मग उड्डाणपुलाखालचा काळोख, आणि रात्र पडल्यावर मंडळाच्या एलईडीचा जांभळा-हिरवा झोत. मूर्ती जवळ आली की २४ मिमीशिवाय फ्रेममध्ये मावत नाही. चेहरा हवा असेल तर ७० कमी पडतो. लेन्स बदलायची म्हटलं तर हातात जागा नाही, आणि हवेत गुलाल. बॉडीचं तोंड उघडलं की तो थेट सेन्सरवर.

इथे मी कुठल्याही शंकेशिवाय बाहेरच्या लेन्सच्या बाजूचा आहे. एक तर वजन. टॅमरॉनची २८-७५ जी टू ५४० ग्रॅम, सोनीची नवी जीएम ६९५, सिग्माची पहिली २४-७० मात्र ८३५. सहा तास हात डोक्याच्या वर धरून शूट करणाऱ्याला हा तीनशे ग्रॅमचा फरक मनगटात कळतो. (सिग्माने २०२४ च्या दुसऱ्या आवृत्तीत वजन ७४५ वर आणलं, म्हणजे त्यांनाही तो कळला असावा.) दुसरं कारण जरा कठोर आहे. त्या गर्दीत लेन्स आपटणार आहे, कोपर लागणार आहे, झूमच्या नळीत गुलाल जाणार आहे. झूम करताना पुढे येणारी लेन्स आत जाताना हवा ओढते आणि हवेबरोबर जे असेल ते. दोन लाखांची वस्तू घेऊन उभा असलेला माणूस मूर्तीकडे बघत नाही, वस्तूकडे बघतो. मात्र माउंटपाशी रबरी कडं आहे का, हे विकत घेतानाच बघावं. महाग-स्वस्त, घरची-बाहेरची, कुठल्याही लेन्सवर पावसात तेच एक कामाला येतं.

टॅमरॉनचा २८ मिमीपासून सुरू होणं हा दोष मात्र या रस्त्यावर खरोखर भोवतो. चार मिमी म्हणजे काय, असं कागदावर वाटतं. लालबागच्या गल्लीत पाठ भिंतीला टेकल्यावर मूर्तीचा मुकुट कापला जातो तेव्हा ते समजतं. मागे सरकायला जागा असेल त्यानेच २८ घ्यावी.

गिरगावात पाडव्याला चित्र उलटं. सकाळचं मार्चचं ऊन, बुलेटवरच्या नऊवारीतल्या मुली, लेझीम, चित्ररथ, आणि सगळं दहा-पंधरा फुटांवर. एफ ८ वर शटर पाचशेच्या पुढे सहज मिळतं. इतक्या उजेडात कुठल्याही लेन्सची परीक्षाच होत नाही. बॉडीबरोबर फुकट मिळाल्यासारखी आलेली किट लेन्स इथे पुरून उरते. पाडव्यासाठी म्हणून नवी लेन्स घेणाऱ्याला माझा एकच प्रश्न असतो, की शोभायात्रा बघायची आहे की दाखवायची आहे.

दादरचं मंगल कार्यालय ही तिसरी जागा, आणि इथे माझी बाजू बदलते. सावधानच्या गजरात आंतरपाट खाली येतो, हवेत अक्षता उडालेल्या असतात, दोन हार वर उचललेले असतात, आणि हे सगळं दीड सेकंदात. पुन्हा होत नाही. भटजी थांबत नाहीत, मामा मध्ये येतो. कॅमेऱ्याने त्या क्षणी अक्षतांवर फोकस धरला की संपलं. खुल्या माउंटवर बाहेरच्या चांगल्या लेन्स आता इथेही चुकत नाहीत, हे मान्य. पण लग्न हाच ज्याचा धंदा आहे त्याच्यासाठी प्रश्न फोकसपुरता नाही. बुधवारी लेन्सने मान टाकली आणि शुक्रवारी लग्न असेल, तर सर्व्हिस सेंटर कुठे आहे, सुटा भाग शहरात आहे की मागवावा लागणार, बॉडी आणि लेन्स दोन्ही एकाच टेबलावर ठेवता येतात का? बॉडीवाला म्हणतो दोष लेन्सचा, लेन्सवाला म्हणतो बॉडीचा, आणि मधल्या मध्ये हंगाम निघून जातो. एकाच कंपनीचा माल असेल तर निदान भांडायला माणूस एक असतो. लग्नवाल्याने आपली रोजची एक लेन्स कंपनीची घ्यावी, बाकीच्या तीन बाहेरच्या. आणि वर्षातून चारदा लागणारी घेऊच नये, भाड्याने आणावी. दादर-परळमध्ये ती मिळते.

सवयीचाही एक मुद्दा आहे. टॅमरॉनच्या जुन्या डीएसएलआर लेन्सचं झूमचं कडं कॅननच्या उलट दिशेने फिरायचं. दुकानात यात काही वाटत नाही. आंतरपाट खाली येताना हात सवयीने फिरतो आणि नवरा-नवरी जवळ यायची ती लांब जातात.

*

शिवडीची गोष्ट सांगितल्याशिवाय हा हिशेब पुरा होत नाही. परळच्या पूर्वेला, जेट्टीवर, हिवाळ्यापासून मेपर्यंत रोहित येतात. भरतीला काठाशी, ओहोटीला चिखलाबरोबर दूर. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू सुरू झाला तो इथूनच समुद्रात शिरतो, त्यामुळे आता फ्रेममध्ये खांबही येतात. पक्षी टिपायला ५००-६०० मिमी लागतं, आणि पूर्वी ६०० म्हणजे एफ ४ ची ती तोफ, हजारो डॉलरची. हौशी माणूस दुर्बिणीवर समाधान मानायचा. २०१३ च्या अखेरीस टॅमरॉनने १५०-६०० जाहीर केली, किंमत १,०६९ डॉलर. वर्षभरात सिग्माच्याही दोन आल्या. शिवडीच्या जेट्टीवर त्यानंतरच्या काही वर्षांत लांब लेन्सचं जे रान माजलं, ते या काचांचं. बँकेतून निवृत्त झालेले काका आणि रुईयात शिकणारी मुलगी यांच्याकडे सारखीच लेन्स दिसू लागली.

पुढे काय झालं, तर निकॉनने २०१५ मध्ये २००-५०० एफ ५.६ काढली, १,४०० डॉलरला. इतकी लांब लेन्स इतक्या कमी किमतीत कॅमेरा कंपनीने एरवी कशाला दिली असती? जे आयुष्यभर फक्त कंपनीचीच घेतात, त्यांनाही बाहेरच्यांच्या स्पर्धेमुळे स्वस्ताई मिळते. हे ऋण कुणी मानत नाही.

सगळ्यात स्वस्त टोकाला चिनी मंडळी आहेत. योंगनुओने कॅननच्या ५० मिमी एफ १.८ ची जवळपास हुबेहूब नक्कल काढली तेव्हा लोक हसले होते. आता व्हिल्ट्रॉक्सच्या लेन्सना कुणी हसत नाही. सेव्हन आर्टिझन्स, टीटी आर्टिझन यांच्या हाताने फोकस करायच्या छोट्या लेन्स शिकणाऱ्यासाठी फार चांगल्या. त्यांच्या मागे सोनेरी ठिपकेच नसतात, त्यामुळे एररचा प्रश्नच नाही. व्हीनस ऑप्टिक्सच्या लाओवाने तर अशा विचित्र मॅक्रो लेन्स केल्या की ज्या मोठ्या कंपन्यांनी कधी केल्या नाहीत.

*

सेकंडहँड बाजाराचं वेगळं शास्त्र आहे, आणि मुंबईत त्याचा पहिला नियम म्हणजे हवा. जुलैतली आर्द्रता ऐंशी टक्क्यांच्या पुढे जाते आणि कपाटात ठेवलेल्या लेन्समध्ये बुरशी धरते. चाळ असो की टॉवर, बुरशीला पत्ता लागत नाही. मोबाइलचा टॉर्च लेन्सच्या मागून मारायचा आणि पुढून तिरकं बघायचं. धुळीचे कण दिसले तर घाबरू नये, ते सगळ्यांत असतात. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे कडेपासून आत पसरलेले दिसले की लेन्स परत द्यावी, भाव कितीही पाडून मिळाला तरी. बुरशी साफ होते, पण तिने काचेवरचा लेप खाल्ला असेल तर तो परत येत नाही. मग एफ २.८ वर पूर्ण उघडून समोरच्या दुकानाच्या पाटीचा फोटो काढायचा आणि चारही कोपरे मोठे करून बघायचे. तीन कोपरे स्वच्छ आणि एक विरघळलेला असेल, तर आतलं एखादं भिंग सरकलंय, म्हणजे लेन्स कधीतरी पडली आहे. विकणारा हे सांगत नाही.

सिग्माच्या जुन्या ईएक्स लेन्सवर एक मखमली काळा मुलामा असायचा. आपल्या दमट हवेत तो काही वर्षांनी चिकट होतो आणि सोलवटतो. दिसायला लेन्स महारोग झाल्यासारखी दिसते, आत काच ठणठणीत असते. तेवढ्यावर भाव निम्मा करून मागावा, मिळतो. एकूणच बाहेरच्या लेन्सचा भाव विकताना जास्त पडतो. विकणाऱ्याला ते दुःख, घेणाऱ्याला तीच संधी. नवी कंपनीची आणि जुनी बाहेरची, यात मी बहुतेक वेळा दुसरीला कौल देतो. फक्त घरी चाळीस-पन्नास टक्क्यांवर राहणारं ड्राय कॅबिनेट हवं. तेही परवडत नसेल तर घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेल. जेलचा रंग बदलला की तव्यावर गरम करून पुन्हा वापरता येतं.

बिलाचा मुद्दा राहिला. ग्रे माल स्वस्त पडतो आणि त्यावर इथली वॉरंटी नसते, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण कंपनीच्या लेन्सचा ग्रे तुकडा आणि बाहेरच्या लेन्सचा बिलवाला तुकडा यांच्या किमती जवळ आल्या, की माणसं नावाला भुलून पहिला उचलतात. म्हणजे कंपनीची म्हणून जास्त पैसे मोजायचे, आणि ज्या सर्व्हिससाठी ते मोजायचे तीच सोडून द्यायची. हा व्यवहार मला कधी समजला नाही.

आणि ज्याच्याकडे कॅननची फुल फ्रेम आर बॉडी आहे, आरएफ २४-७० परवडत नाही, आणि आगमन तोंडावर आहे, त्याने काय करावं? डीएसएलआरच्या काळातल्या ईएफ माउंटच्या सिग्मा आणि टॅमरॉन २४-७० बाजारात पडून आहेत. लोक मिररलेसकडे गेले म्हणून त्यांचे भाव खाली आलेत. १९८७ ची ती बोली आता बाहेरच्यांच्या तोंडात पक्की बसलेली आहे आणि आर बॉडीलाही ती कळते. नवीन दार बंद, जुनं उघडं. मध्ये एक अ‍ॅडॉप्टर लागतो. त्याच्यात काच नसते, नुसतं कडं आणि तारा. बाहेरचे अ‍ॅडॉप्टर पुष्कळ स्वस्त मिळतात, पण त्यांतल्या काहींत लेन्स बसल्यावर जरा हलते. तेवढा अ‍ॅडॉप्टर कॅननचाच घ्यावा.